राक्षसाचा आवाज कोण काढणार?

आमच्या व्हिडिओ लायब्ररीत कॅसेट कधीच कुणी रिवाइंड करून आणत नसे. व्हीसीआरमध्ये घातली की पिक्चर मधूनच सुरू! त्या दुकानाचे किस्सेही माझ्याकडे तसेच साठलेत. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली, पण काचीगुड्यात एखादं जुनं गिऱ्हाईक भेटलं, की कुठला तरी किस्सा मधूनच चालू होतो. आज जरा पहिल्यापासून सांगून बघतो.

*

दुकान कुलकर्णीकाकांचं. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत काढलेलं. कामाला आम्ही दोघं, मी आणि यादगिरी. मी नववीत शाळा सोडलेली, त्याने आठवीत. "म्हणजे दिनू, तू माझा सीनियर!" असं तो मला म्हणायचा.

रविवारी सकाळी काका गल्लीतल्या पोरांना कार्टून पिक्चर दाखवत. पिक्चर इंग्रजी, पोरं मराठी नाहीतर तेलुगू. मग काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला, पोरांच्या पाठीमागे एक जुनी चादर टांगली, तिला डोळ्यांपुरती भोकं पाडली आणि आम्हाला मागे बसवलं. "चित्र बघा आणि सुचेल ते बोला."

चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. चादरीमागे मात्र मी राजपुत्र झालो. राक्षस यादगिरी. "तेरी आवाज शरीफ है रे," तो म्हणाला. वाटणी पहिल्याच दिवशी ठरली.

*

यादगिरीचा राक्षस तेलुगूत धमक्या द्यायचा आणि दखनी हिंदीत मरायचा. मरायला फार वेळ लावायचा. टीव्हीवर राजपुत्राचं लग्न लागून वऱ्हाड जेवायला बसलेलं असायचं, तरी चादरीमागून आवाज चालूच, "हल्लू मारो रे, दुखता!"

पिक्चर संपला की काकांची सहा वर्षांची नात मुग्धा चादर बाजूला करून बघायची.

"यादगिरीदादा, मेलास का?"

"हौ. जेवायला उठतो."

ती समाधानाने घरात जायची. राक्षस मेला, यादगिरीदादा जेवतोय. एवढं सगळं नीट असायचं तेव्हा!

*

काका लग्नामुंजींचं शूटिंगही करत. एकदा त्यांनी कोरी कॅसेट समजून एका कार्टूनवरच कुणाची तरी मुंज उतरवली. आम्हाला पत्ताच नाही. रविवारी पोरांनी अर्धा तास एका बटूला आईच्या पानात जेवताना पाहिलं. आणि मग एकदम जंगल!

सुरुवातच पुसलेली. आता चांगला कोण आणि वाईट कोण? एक देखणा सरदार होता आणि एक एकडोळं अस्वल. मी अर्थात सरदार घेतला. पाऊण तास मी गोड आवाजात सगळ्यांना धीर देत होतो, "घाबरू नका, मी आहे ना." आणि त्या सरदाराने अस्वलाची पिल्लं खड्ड्यात कोंडून वर आग लावली!

माझी वाचाच बसली. तेवढ्यात यादगिरी अस्वलाच्या आवाजात म्हणाला, "मेरेकू मालूम था. म्हटलं, बोलू दे बिचाऱ्याला."

पोरांनी टाळ्या पिटल्या. मुग्धा एकटी रडत होती. "पण त्याचा आवाज चांगला होता!"

काका म्हणाले, "असंच असतं बेटा." मला ते तेव्हा पटलं नाही.

*

मग केबल आली. यादगिरी म्हणाला, "काका, दिलसुखनगरच्या एका माणसाने डिश लावलीय. आपल्या गल्लीत वायर ओढायचं काम मला देतोय. पहिलं कनेक्शन तुम्हाला, फुकट."

"नक्को," काका म्हणाले. पण त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी हात वगैरे ठेवला नाही. महिनाभरात घरोघरी दिवसभर कार्टून सुरू झालं. रविवारी आमच्या दारात चपला दिसेनात. मी ठरवून टाकलं की राक्षस यादगिरीच. शिंगं नसली म्हणून काय झालं! शिडीवरून तो राक्षसाच्या आवाजात हाका मारायचा, "दिनूऽऽ, चाय पीता?" मी मान खाली घालून निघून जायचो.

*

एका शनिवारी दुपारी मी गच्चीवर गेलो आणि त्याची वायर कापली. तुटलेल्या टेपा सांधायची आमची कात्री होती, तिनेच.

दुसऱ्या दिवशी दारात चपलांचा ढीग! पण राक्षसाचा आवाज कोण काढणार? मीच काढला. माझा राक्षस म्हणाला, "कृपया इथून निघून जा." पोरं हसून हसून लोळली.

संध्याकाळी यादगिरी आला. सगळी गल्ली गच्चीवर जमलेली. "कुणी कापली? नाव सांग, बघतो त्याला!" गर्दीतला एकजण त्याला म्हणाला. यादगिरीने वायरचं टोक पाहिलं. सरळ, स्वच्छ काप. मग माझ्याकडे पाहिलं.

"बंदर था," तो म्हणाला. "मैं देखा."

आमच्या गल्लीत मी आजवर माकड पाहिलेलं नाही.

तेव्हापासून मला यादगिरीला एकच वाक्य सांगायचं होतं. वायर मी कापली. रोज शिडीपर्यंत जायचो आणि परत यायचो.

*

शेवटी काकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी अस्वलाचा पिक्चर लावायचा, असा मुग्धाचा हुकूम. घरोघरी जाऊन तिनेच पोरं गोळा केली.

कॅसेट सुरू झाली. मुंज चालू होती. चादर हलली आणि यादगिरी आत आला, खांद्यावर वायरचं भेंडोळं. ते खाली ठेवून आपल्या जुन्या जागेवर बसला. बटूचं जेवण होईपर्यंत अर्धा तास आम्हाला बोलायला काहीच नव्हतं. मी तोंड उघडलं की तो चादरीच्या भोकाला डोळा लावायचा.

मग जंगल आलं. मी पाऊण तास धीर दिला, अस्वल पाऊण तास गुरगुरलं. आग लागली. सरदार घोड्यावरून वळला, त्याचे ओठ हलले. आता मला बोलायचं होतं.

"वायर मी कापली," सरदार म्हणाला.

अस्वलाने एका डोळ्याने सरदाराकडे पाहिलं.

"नक्को बोल," अस्वल म्हणालं. "बंदर था. मैं देखा."

पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि चादरीपलीकडून मुग्धा ओरडली,

"अरे, पण या पिक्चरमध्ये माकड कुठंय?"