चाक त्याचं, नंबर माझा

१९८३च्या डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वासातला, बोरिवलीच्या हायवेवर माझ्या टीममधल्या जोडीदारावर अन्याय झाला, आणि तो माझ्यासाठी झाला. पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशनचा वास आला की मला तो रस्ता दिसतो. गोरेगाव ते दहिसर नाका आणि परत, अशी सायकल शर्यत होती. जोडीदार पहिल्या तिघांत आला असता तर त्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागणार होती. त्याचे वडील गिरणी कामगार, आणि संपापासून गिरणी बंदच होती. टीमचा सगळ्यात वेगवान गडी मी होतो; परतताना माझं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. आमचे मॅनेजर, एकेकाळचे नावाजलेले रेसर, स्कूटरवरून मागे येत होते. त्यांच्याकडचं जादा चाक आधीच वापरून झालं होतं. त्यांनी पुढे जाऊन जोडीदाराला थांबवलं; मी सायकल ढकलत तिथे पोचलो. “उतर रे, तुझं चाक दे त्याला.” “दादा, माझ्या नोकरीचं काय?” “आधी टीम. मी काय कमी चाकं दिलीत? मेलो का?” त्यांची स्वतःची नोकरी अशाच एका शर्यतीतून लागली होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी माझं बसलेलं चाक सोडवायला लागलो. जोडीदारानेच चाक बसवलं, पाठीवर थाप मारली, “पळ आता, फुकट घालवू नकोस.” मी जिंकलो. गळ्यात हार पडला तरी काहीच वाटलं नाही, फक्त झेंडूचा ओला गारवा मानेला लागत होता. दीड तासाने तो सायकल खांद्यावर घेऊन चालत आला. “झकास. आता चाक काढ, घरी जायचंय.” मी काढून दिलं. नोकरी मला लागली, निवृत्त होईपर्यंत तीच केली. तुमच्याकडे शर्यत भरली, तर निकालाच्या कागदावर चाक देणाऱ्याचं नाव आधी लिहा, मगच टाळ्या वाजवा.