चोरीची कर्दळ

यंदा उन्हाळा रीतसर आलाच नाही. मे महिन्यात वळीव रोज दुपारी कोसळायचा आणि परसातल्या माझ्या छोट्या तळ्याचा काठ थोडाथोडा आत ढासळायचा. नवरा खिडकीतून बघून खूश. "अजून एकदा ढासळला की बुजवूया. गाडी बरोब्बर बसती तिथं." टेप लावून त्यानं मापही घेतलं होतं.

मला तळं हवं होतं. टीव्ही ऐकू येत नाही अशी घरातली तेवढी एकच जागा. म्हणून मी कामं ओळीनं लावली. आधी काठाला उतार द्यायचा, मग पाण्यालगत वेखंड, त्यामागे कर्दळ. दोन्ही वर्षानुवर्षं टिकतात आणि माती धरून ठेवतात. वेखंड नर्सरीतून आणलं. कर्दळ शेजारच्या अक्कांकडे रग्गड होती. मी मागायला निघाले, तर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, दारातच अडवलं.

"मागून आणलेलं रोप जगत न्हाय. चोरूनच आणाय लागतंय."

आणि स्वतःच गेल्या. डोक्यावर पोत्याची खोळ, भर पावसात, कुंपणाच्या तारेखालून. पदरात गड्डे घेऊन आल्या. मी लावले.

दुसऱ्या दिवशी निम्मे गायब. "घूस असंल," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा तारेखालून गेल्या. लावले, पुन्हा गेले. काठ उघडाच, वरून पाऊस, आणि नवरा टेप घेऊन हिंडतोय.

शेवटी दुपारची झोप रद्द करून मी खिडकीत बसले. पाऊस सुरू झाला तशी घूस आली. निळा रेनकोट, हातात खुरपं.

"अक्का! हे काय?"

"काय म्हंजे? माझी कर्दळ कोण नेतंय ते ठावं न्हाय व्हय मला?"

"मग परत मागायची की!"

"मागून आणलेलं जगतंय व्हय कुठं?"

"तेच सांगतोय हिला मी!" मागून आत्या.

दोघींचं एकमत झाल्यावर माझं काय चालणार? मी खाली वाकून काठ बघितला. घाईघाईत उपटल्यामुळे प्रत्येक गड्ड्याचा तुकडा मातीतच राहिला होता आणि त्याला कोंब फुटले होते. अक्कांच्या बाजूलाही तेच. मग मी चोरीला वार ठरवून दिले. सोमवारी आत्या, गुरुवारी अक्का. अट एकच, सावकाश उपटायचं नाही.

पाऊस चांगला लागेपर्यंत काठ पानांनी झाकून गेला. एका सकाळी नवरा पुन्हा टेप घेऊन काठावर उतरला आणि घसरला. दोन्ही हातांनी त्यानं कर्दळीचा बुंधा धरला. पाय पाण्यात, पोट चिखलात. कर्दळ हलली नाही की काठ ढासळला नाही.

"अवो दादा," तारेपलीकडून अक्का ओरडल्या, "कर्दळ सोडा! पडा की तळ्यात!"

त्यानं सोडली. गाडी अजून गल्लीतच असते. टेप तळ्यात आहे.