कपाटाखालचा भुसा

परवा कपाट सरकवलं आणि अनवाणी पायाला खरखरीत लागलं. ही खरखर बेळगुंदीचं हे घर नवं होतं तेव्हाची. लाकडी फ्लोअरिंगला पॉलिशचा शेवटचा हात मारून मिस्त्री गेला, वास जावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवून मी बेळगावला कामावर गेलो. संध्याकाळी दमून परतलो तर दारात मळणी मशीन! वास्तुशांतीला तांदूळ आपल्याच शेतातला हवा, म्हणून वडिलांनी त्याच दिवशी भाताची मळणी काढलेली. सगळा भुसा ओल्या पॉलिशवर बसून वाळला होता. चालताना पायाखाली काचपेपर. "आप्पा, खिडक्या तरी लावायच्या!" म्हणत मी तिथंच बसलो. त्यांनी जमिनीवरून तळहात फिरवला. "आपलंच भात हाय रं. लई लागतंय व्हय पायाला?" मी उठून एकेक खिडकी लावत सुटलो. मिस्त्रीनं कुरकुरत सगळं पुन्हा घासलं, पुन्हा पॉलिश केलं. शेवटी तोही कंटाळला, तेव्हा कोपऱ्यातला राहिलेला तुकडा आम्ही कपाटानं झाकला. पुढच्या सुगीला आप्पा नव्हते. आता तांदूळ दुकानातून येतो. परवा कपाट परत जागेवर ढकलताना त्यांना उत्तर दिलं: व्हय आप्पा, लागतंय.