विमानाखालचं बोलणं

आमचे हे घरात बोलत नाहीत. हवाई दलात विमानं दुरुस्त करत होते तेव्हा वाटायचं, नोकरीच गुप्ततेची, बिचारे काय करणार. मग ती नोकरी संपली, आम्ही लखनौलाच गोमती नगरात फ्लॅट घेतला, हे एका खासगी विमान कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर झाले, तरी तोंडातली मिठाची गुळणी काही सुटली नाही. भाजीत मीठ कमी झालंय का विचारलं तर ‘हं’. जास्त झालंय का विचारलं तरी ‘हं’.

मीही त्याच कंपनीत, त्याच विमानतळावर, डिस्पॅचमध्ये. उड्डाणाचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवून तो प्लॅन पायलटच्या हाती द्यायचा, हे माझं काम. माझ्या खिडकीतून विमानं उभी राहतात ती जागा दिसते. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती त्या खिडकीपाशी.

कारण विमानाखाली हे बोलायचे. भरभरून बोलायचे, आणि तेही एका कॅप्टनबाईंशी. बाई पक्क्या लखनवी, स्वतःला ‘हम’ म्हणणाऱ्या. उड्डाणाआधी कॅप्टन विमानाभोवती एक चक्कर मारून पाहणी करतात. बाकीचे ती झटपट उरकतात. या दोघांची मात्र देवळातली प्रदक्षिणा चालायची. हे हात उंचावून पंख दाखवतायत, चाकापाशी वाकतायत, बाई मान डोलावतायत, आणि मग दोघंही हसतायत. विमानाच्या चाकात हसण्यासारखं काय असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

वावगं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. असतं तर भांडता तरी आलं असतं. मी जळत होते ती त्या बोलण्यावर. जे ऐकायला मी इतकी वर्षं कान लावून बसले, ते त्या बाईंना उभ्या उभ्या मिळत होतं.

एका दुपारी बाईंचं बंगळूरचं उड्डाण होतं. प्लॅन मी केव्हाच दिला होता, प्रवासी चढत होते, आणि कॉकपिटमधून बाईंचा फोन आला.

“मैडम, नया प्लान नहीं आया अभी तक.”

“कौन सा नया प्लान?”

“अरे, वो पैक वाला.”

मी चाटच पडले. केबिनमधली हवा सांभाळणारे दोन पॅक विमानात असतात. एक बंद असला तरी नियमाप्रमाणे उडता येतं, पण मग कमी उंचीवरून जावं लागतं, आणि तिथे इंधन जास्त जळतं. म्हणजे मी दिलेली उंची चूक आणि भरलेलं इंधन कमी. पॅक बंद असल्याचं ह्यांनी बाईंना सांगितलं होतं, विमानाच्या लॉगमध्ये रीतसर लिहिलंही होतं. कळलं नव्हतं ते फक्त मला. ह्यांना वाटलं, डिस्पॅचला कॅप्टन कळवतील. आणि बाईंना?

“हमने सोचा आपको तो मालूम ही होगा,” बाई म्हणाल्या. “घर ही की तो बात है.”

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर बाईंनी तिला आपणहून कळवलं असतं. मी पडले बायको, म्हणून राहून गेलं. पुन्हा प्लॅन केला, इंधनाची गाडी परत बोलावली, विमान उशिरा सुटलं. ‘घर की बात’ म्हणे! आमच्या घरात बात होते कुठे?

हे ऑफिसात आले तेव्हा मी विचारलं, “अहो, मला का नाही सांगितलंत?”

“राहिलं,” म्हणाले.

साहेबांनी मात्र त्याच दिवशी ठरवून टाकलं, की बिघाड ठेवून विमान सोडायचं असेल तर इंजिनिअरने स्वतः डिस्पॅचला फोन करायचा. तेव्हापासून ह्यांचे मला फोन येऊ लागले. फोन रेकॉर्ड होतात म्हणून हिंदीत, ‘आप’ लावून, पूर्ण वाक्यांत! काय बिघडलंय, कधीपासून, किती चालेल, काय जपायचं. मी मुद्दाम दोन प्रश्न जास्तीचे विचारायची, हे त्यांचीही नीट उत्तरं द्यायचे. घरी आले की पुन्हा ‘हं’. आता मला डिस्पॅचच्या खुर्चीतल्या त्या बाईचाही हेवा वाटू लागला, आणि ती बाई तर मीच होते.

मग एका सुट्टीच्या दिवशी न राहवून मी स्वयंपाकघरातून ह्यांना फोन लावला. हे हॉलमध्ये टीव्ही बघत होते.

“डिस्पैच से बोल रही हूँ,” मी म्हणाले. “कोई डिफेक्ट है?”

टीव्हीचा आवाज बारीक झाला. मला वाटलं, आता चिडतील.

“जी मैडम,” हे म्हणाले. “दाहिना घुटना. सीढ़ी चढ़ते वक़्त दुखता है. महीने भर से है. फ़िलहाल चल जाएगा, पर ज़्यादा देर खड़ा नहीं रहा जाता.”

महिनाभर! आणि मी रोज ह्यांना भाजीतलं मीठ विचारत होते. माझा सगळा राग विरघळला. तेल गरम करायला मी एका हाताने गॅसही पेटवला.

“ये और किसी को बताया है आपने?” मी आपलं सहज विचारलं.

हॉलमधून आधी खोकला ऐकू आला.

“कैप्टन मैडम को,” हे म्हणाले.