ओल्या कुत्र्याचे इस्माईलभाई

इस्माईलभाई हात धुवायला बसले की मी चहा टाकायचो. सात वेळा धुवायचे, त्यात एकदा माती चोळून. सातवा हात होईपर्यंत चहाला उकळी आलेली असायची.

माणूस दापोलीकडचा, पक्का नमाजी, आणि सौदीत ताइफजवळच्या मळ्यावर काम काय, तर कफीलच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, शिकारी कुत्र्याला शिकवायचं. "कोरडा कुत्रा लागला तर हरकत नाही, गणपतभाऊ," ते सांगायचे. "ओला लागला, लाळ लागली, की सात वेळा." आणि कुत्रा नेमका पाण्यातलाच. काळाकुळकुळीत लॅब्राडोर, नाव बर्क, म्हणजे वीज. दिवसातून वीस वेळा तळ्यात.

ते तळं माझं. जमीन कफीलची, पण पंप, पाइप, तळाचं प्लास्टिक सगळं मी बसवलं. चौथी नापास आहे मी. इंजिनिअर येऊन म्हणाला होता, गळेल. इंजिनिअर गेला, तळं आहे.

तर इस्माईलभाईंनी युक्ती काढली. बर्कने पाण्यातून आणलेलं बदक हातात द्यायचं नाही, निळ्या बादलीत टाकायचं. महिन्याभरात कुत्रा तयार. मी म्हटलं, "भाई, आता त्याला भांडी घासायला शिकवा."

"आधी तुम्हाला शिकवतो," ते म्हणाले. "तो तुमच्यापेक्षा लवकर शिकेल म्हणून मागे ठेवलाय."

मग कफीलने आमच्याच तळ्यावर स्पर्धा ठेवली. परीक्षा भलतीच अवघड. एक मेलेलं बदक कुत्र्यासमोर पाण्याच्या मधोमध टाकणार, त्याला तोंड लावायचं नाही. दुसरं पलीकडच्या काठावर गवतात लपवलेलं, कुत्र्याने न पाहिलेलं. नुसत्या शिट्टीवर आणि हाताच्या खुणेवर पोहत जाऊन तेच आणायचं. कफील म्हणाला, "जिंकला तर बर्क इथे. हरला तर रियाधच्या पाहुण्याला देऊन टाकतो." इस्माईलभाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

सकाळी परीक्षक आला, गोरा साहेब. निळी बादली बघून म्हणाला, भांडं चालणार नाही, बदक मालकाच्या नाहीतर शिकवणाऱ्याच्या हातात आलं पाहिजे. खाली पडलं की बाद.

इस्माईलभाई माझ्याकडे वळले. "गणपतभाऊ, याला हात माहीतच नाही हो."

पाच कुत्रे आधी गेले. चार मधल्या बदकावरच भाळले. पाचवा पाण्यात पाय घालून परत फिरला. माझं तळं थंड असतं, त्याला मी काय करू.

मग बर्क. मधल्या बदकाजवळ त्याची मान वळली. इस्माईलभाईंनी एक शिट्टी मारली. कुत्रा पाण्यात थांबला, मागे बघितलं. यांनी उजवा हात लांब केला, आणि तो बदकाला शेपटी दाखवून पलीकडे. गवतात घुसला आणि बदक घेऊन सुसाट परत.

आला आणि बादली शोधायला लागला. इस्माईलभाईंना दोन फेऱ्या मारल्या. साहेबाची टोपी खुर्चीवर उलटी पडली होती, तिचा वास घेतला. साहेबाने टोपी उचलली. कफीलच्या पुढ्यातल्या खजुराच्या ताटाकडे गेला. कफीलने पाय खुर्चीवर घेतले. तोंडातलं बदक घसरायला लागलं होतं.

तेव्हा इस्माईलभाई गुडघ्यावर बसले. दोन्ही तळहात जोडून खोलगट ओंजळ केली आणि हळूच म्हणाले, "ये बाबा, ही घे बादली."

बर्कने ओंजळीत वाकून बघितलं आणि बदक अलगद ठेवलं. पाणी, लाळ, पिसं, सगळं कोपरापर्यंत. साहेबाने हात वर केला. कफील मिठी मारायला धावला, तेवढ्यात बर्कने अंग झाडलं, आणि पांढरा झगा ठिपक्याठिपक्यांचा झाला. मी हसून हसून पाइपावर बसलो. इस्माईलभाई तसेच ओंजळ धरून गुडघ्यावर. "हसा," म्हणाले, "पण नळ सोडा."

तीन वर्षांनी ते फायनल एक्झिटवर कायमचे गावी निघाले. गाडी फाटकात, ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला करतोय. बर्क तळ्यातून तसाच ओला धावत आला आणि त्यांचा हात चाटत बसला. भाईंनी बॅग खाली ठेवली, माझ्या नळाशी बसले. धुता धुता थांबले. त्या माणसाचा आकडा मी कधी चुकलेला बघितला नव्हता.

"गणपतभाऊ, किती झाले?"

सात झाले होते, मातीसकट.

"चार," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा माती घेतली. बर्क जवळ सरकला आणि त्याने दुसरा हात चाटला.

"आता पहिल्यापासून," इस्माईलभाई म्हणाले, आणि ड्रायव्हरला हाताने थांब म्हटलं.