तात्यांचं पेटंट

ओरछा गेटजवळच्या माझ्या सायकलच्या दुकानात खुंटीवर जुन्या ट्यूब साचतात. टाकवत नाहीत. मित्रांचे किस्सेही तसेच. एक ओढला की चार खाली येतात.

*

मोतीलाल पहिलवानाचं नाव कुस्तीसाठी मऊरानीपूरपर्यंत. पण त्यानं पेटंट मागितलं ते बरणीचं झाकण उघडायच्या पट्ट्याचं! आम्हा मित्रांचे पेटंटचे अर्ज भरतात जोशीसाहेब, निवृत्त इंजिनीअर. त्यांनी विचारलं, "पहिलवानाला याची काय गरज?"

"साहब, अचार की बरनी हमसे नहीं खुली. घरवाली ने खोल दी!"

*

तात्या गाण्यासाठी प्रसिद्ध. गणपतीत त्यांनी भैरवी सुरू केली की मांडवातली पोरंसुद्धा गप्प.

त्यांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे, हात थरथरू लागले, तेव्हापासून तात्याच त्यांना बशीतून चहा पाजत. पण पाहुण्यांसमोर काकू चहाच नको म्हणत. मग कोणाकडे जाणंही सोडलं.

तात्या दुकानात येऊन म्हणाले, "चारचौघांत तिनं आपल्या हातानं चहा प्यायला पाहिजे. काहीतरी करू."

*

आम्ही झुलत्या कड्यात पेला बसवला. मूठ हलली तरी पेला सरळ राहायला हवा. तात्यांनी चहा भरून स्वतःच हात हलवून पाहिला. सगळा माझ्या शर्टावर!

मी म्हटलं, "तात्या, काकूंचा हात थरथरतो. ताना नाही घेत!"

मग मुठीत स्प्रिंग घातली, तेव्हा जमलं.

*

पेटंट ऑफिसनं विचारलं, 'यात नवीन काय?'

तात्या तडकले. "लिहा, माझ्या बायकोसाठी केलंय!"

जोशीसाहेब म्हणाले, "तात्या, त्यांनी 'नवीन काय' असं विचारलंय. बायको चाळीस वर्षं जुनी आहे!"

शेवटी स्प्रिंगचं लिहून पाठवलं.

*

पेटंट मिळालं. मी मानिक चौकात पानवाल्याला सांगितलं, "तात्या का पेटेंट आ गया!"

तो म्हणाला, "आ गया मतलब? भैरवी तो बरसों से उन्हीं की पेटेंट है!"

*

त्या संध्याकाळी आम्ही सगळे तात्यांच्या घरी. काकूंनी झुलता पेला स्वतः उचलला आणि आमच्यादेखत संपवला. एक थेंब सांडला नाही. पहिलवानानं टाळ्या वाजवल्या.

सगळे निघाले. मी मागे राहून दारात चपला शोधत होतो. तात्यांनी पेला पुन्हा भरून पुढे केला. काकूंनी तो हळूच बाजूला सारला.

"अहो, गेले ना सगळे? मग बशीतच ओता."