सुपडूचा मधला स्पीकर

भूषणचा फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्याच्या घरी ओट्यावर बसून एका जुन्या स्पीकरला गोणपाट गुंडाळत होतो. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने बंगल्यातलं सामान बदललं, त्यातून निघालेला. दुसऱ्या दिवशीच्या एसटीने तो धुळ्याला सुपडूकडे पोचवायचा होता. भूषण म्हणजे सुपडूचा एकुलता एक मुलगा, सुरतेला असतो. "काका, नाना गेले," तो म्हणाला. "सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच..." त्यावर मी काय बोललो असेन? "अरे, पण त्याला सांग ना, स्पीकर मिळालाय." पोरगं तिकडे रडतंय आणि मी हे बोलतोय! दीड महिना झाला, अजून ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सुपडू आणि मी धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं बरोबर होतो. तो फिटर, मी काट्यावर कापसाच्या गाड्यांचं वजन करणारा. जिनिंगची मशिनं एकदा सुरू झाली की शेजारचा माणूस कानाशी येऊन बोंबलला तरी कळत नाही. म्हणून तिथे सगळेच एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. मी दारातून आवाज न काढता नुसतं "चहा" म्हणायचो आणि हा लांबून मान डोलवायचा. कानात कापसाचे बोळे घाल म्हटलं की डाफरायचा, "कानमा बोळा घालू तं मशीन काय म्हणस ते माले कसं समजी?" आणि खरंच, कुठलं बेअरिंग गेलं ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. त्याचा त्याला भारी गर्व होता. ज्याचे कान गेले तो फिटर कसला, असं तो दुसऱ्यांना हसून म्हणायचा, आणि आम्हीही हसायचो.

दोन वर्षांपूर्वी सिंधूवहिनी गेल्या. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसायची तेव्हा गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका जमायच्या आणि गाण्यांना पुढचा आवाज वहिनींचा असायचा. एका वर्षी भूषणने, शाळेत असताना, ती गाणी टेप केली होती. वहिनींचा आवाज म्हणून जगात उरली ती तेवढी एक कॅसेट. दिवसकार्य आटोपल्यावर सुपडूने ती लावली, आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावून घेतलं. म्हणाला, टेप बिघडलाय. मला चांगला आवाज पाहिजे, थेटरसारखा.

नवं घ्यायची ऐपत नव्हती आणि तशी त्याला हौसही नव्हती. उघडून, पुसून, दुरुस्त करून घेतलेल्या वस्तूवरच त्याचा जीव. साक्रीला एक व्हिडिओ पार्लर बंद पडलं होतं, तिथून अ‍ॅम्प्लिफायर आणला. मागचे दोन छोटे स्पीकर धुळ्याच्या जुन्या बाजारात मिळाले, आणि उंदराने कुरतडलेला सबवूफर आम्ही एका शिक्षकाच्या माळ्यावरून उतरवला. सुपडूने त्याचा फाटलेला कागद स्वतः चिकटवला, कॅसेट डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, भिंतीला खिळे मारून वायरी अशा सरळ नेल्या की बघत राहावं. बाजारातल्या मेकॅनिकने त्याला सांगितलं होतं, नाना, सिनेमात माणसाचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. ते याने डोक्यात पक्कं धरलं. म्हणून मधला स्पीकर टीव्हीखाली, खुर्चीच्या अगदी समोर.

पहिल्यांदा सगळं जोडून कॅसेट लावली ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. ढोलकी सुरू झाली आणि मग वहिनींचा आवाज आला... स्वच्छ, खणखणीत, स्वयंपाकघरातून बाहेर याव्यात तसा. मी सुपडूकडे पाहिलं. तो कपाळाला आठ्या घालून स्पीकरकडे बघत होता. "ढोलकी बरोबर वाजी ऱ्हायनी, आप्पा," तो म्हणाला. "पण ती कोठे शे?"

मला तेव्हाच उमगलं. समोर बसलं की तो माझे ओठ वाचायचा, म्हणून इतकी वर्षं मला काही कळलंच नव्हतं. कॅसेटला कुठले ओठ? तीस वर्षांत जिनिंगने त्याचे कान खाल्ले होते. त्यातही बायकांचा बारीक आवाज आधी गेला आणि ढोलकी तेवढी उरली. "तुले ऐकू येस का?" त्याने विचारलं, माझ्या तोंडाकडे टक लावून. किती आशेने विचारलं हो त्याने! बायको जाऊन महिना झालेला, आणि त्या माणसाला मी काय सांगू, की वहिनी इथेच गातायत, तुलाच तेवढं ऐकू येत नाही? मी म्हणालो, "जरा दबलाय रे आवाज. स्पीकरच बाद दिसतो." झालं. मेल्या माझ्या जिभेला हाड नाही! त्या वेळी त्याला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं, तर चार दिवस शिव्या घातल्या असत्या त्याने, पण कानाला मशीन लावून एकदा तरी ऐकलं असतं.

पुढे दोन वर्षं आम्ही मधला स्पीकर बदलत राहिलो. दर वेळी मी म्हणायचो, थोडा सुधारलाय. एकदा फार धीर करून डॉक्टरचा विषय काढला, तर म्हणाला, "मना कानले काय व्हयनं? तूच म्हणना ना, स्पीकर बाद शे!" माझंच वाक्य माझ्या तोंडावर. त्यानंतर मी परत काढला नाही. भित्रा माणूस मी, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात भूषण खोली रिकामी करायला आला, तेव्हा मीही गेलो. शेजारच्या मालताक्का दारात उभ्या होत्या. मी विचारलं, तुम्हाला कधी या गाण्याच्या आवाजाचा त्रास झाला का? त्या म्हणाल्या, "त्रास कसाना? सिंधूना आवाज गल्लीना टोकलगून जाये. आम्हले बठ्ठा गाना पाठ व्हई ग्यात." मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "त्यासले ऐकू येत नही, हाई कोण सांगी?" म्हणजे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. सगळ्यांनी दोन वर्षं वहिनींचं गाणं ऐकलं, त्याला सोडून.

भूषण वायरी सोडवायला लागला, तर मी म्हटलं थांब, एकदा लाव. आवाजाचं बटण जिथे सुपडूने ठेवलं होतं तिथेच राहू दिलं. कॅसेट मागे फिरून सुरू होईपर्यंत मी मधल्या स्पीकरसमोर खाली बसलो, आणि तेव्हा पाहिलं... त्याच्या पुढच्या कापडावर, उजव्या बाजूला, तेलाचा काळपट डाग होता. कानाएवढा, गालाएवढा. त्यात दोन पांढरे केसही अडकले होते. मी असताना, कॅसेट लागली की तो खुर्चीतून कधी उठला नव्हता.

वहिनी गायला लागल्या. मी त्या डागावर माझा कान टेकवला. एक ओळ पुरी व्हायच्या आत कळ डोक्यात गेली आणि मला मागे व्हावं लागलं. तो तिथे डाग पडेपर्यंत बसला होता.